वृद्धांची शस्त्रक्रिया आणि मेंदू : लेखांक ६
नळी, मास्क आणि नंतरचा विसर

संपूर्ण भूल दिल्यावर रुग्णाची शुद्ध हरपते, एवढेच नातेवाइकांना ठाऊक असते. प्रत्यक्षात त्याच मिनिटात जीभ व घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट अडू लागते, आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिले असेल तर श्वास पूर्णच थांबतो. तेथून पुढे फुफ्फुसांपर्यंत हवा पोहोचवण्याची सारी जबाबदारी भूलतज्ज्ञावर येते. वृद्धांच्या बाबतीत हे काम अधिक नाजूक होते. कवळी काढून ठेवल्यावर गाल आत बसतात, त्यामुळे मास्क चेहऱ्यावर घट्ट टेकत नाही आणि कडेने हवा निसटत राहते. मानेचे मणके ताठर झालेले असल्याने डोके मागे झुकवता येत नाही. (दात नसल्यामुळे तोंडातून आत पाहणे मात्र सोपे जाते, तेवढीच सोय.) शिवाय उताणे झोपल्यावर वृद्ध फुफ्फुसांतील बारीक श्वासवाहिन्या लवकर मिटतात, म्हणून भुलीआधी सुमारे ३ मिनिटे शुद्ध प्राणवायू देऊन केलेला साठा तरुणाच्या मानाने लवकर संपतो.

लॅरिंजोस्कोपच्या पात्याने जीभ बाजूला सारून स्वरतंतूंमधून श्वासनलिकेत नळी घातली जाते, तेव्हा बेशुद्धीतही शरीर त्या स्पर्शाची दखल घेते आणि नाडी व रक्तदाब काही मिनिटे उसळतात. ब्रिटिश भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये प्रथम वापरलेला लॅरिंजियल मास्क स्वरयंत्राच्या तोंडावर बाहेरूनच बसत असल्याने ही उसळी कमी असते. पण पोटातील द्रव वर आल्यास तो फुफ्फुसांत जाण्यापासून नळीइतके संरक्षण मिळत नाही, म्हणून पोट रिकामे नसलेल्या रुग्णासाठी नळीच पसंत केली जाते. नळी बसल्यावरही मेंदूचा प्रश्न संपत नाही, कारण व्हेंटिलेटरने श्वास गरजेपेक्षा जलद दिला तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि प्राणवायूची नोंद उत्तम दिसत असतानाही मेंदूकडे जाणारे रक्त घटते.

यावरून शस्त्रक्रियेनंतरच्या विसराळूपणाचे खापर प्राणवायूच्या तुटवड्यावर फोडणे साहजिक वाटते. बेडफर्ड यांनी १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात वृद्धांच्या मेंदूवरील भुलीच्या दुष्परिणामांची चर्चा केल्यापासून हा संशय बळावत गेला. मात्र १९९८ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने त्याला धक्का दिला. हृदयाखेरीज अन्य मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या, साठी ओलांडलेल्या १,२१८ रुग्णांपैकी सुमारे २६ टक्क्यांची स्मरण व एकाग्रतेची चाचणी आठवड्याने खालावलेली आढळली, तर तीन महिन्यांनी हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले. परंतु प्राणवायू किंवा रक्तदाब कमी होण्याशी या घसरणीचा ठोस संबंध जुळला नाही. वाढते वय हे कारण मात्र ठळकपणे पुढे आले. प्राणवायूची घसरण चालवून घ्यावी, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. पण तिच्यावर नजर ठेवून केलेल्या भुलीनंतरही मेंदू डळमळतो, तेव्हा कारण अन्यत्रही शोधावे लागते, आणि शस्त्रक्रियेच्या जखमेमुळे शरीरभर उठणारा दाह हा त्यातला एक प्रबळ संशयित आहे.

घशाला हातच न लावता पाठीच्या कण्यातून भूल दिली तर मेंदू वाचेल, ही कल्पनाही आकर्षक होती. खुब्याजवळचे हाड मोडलेल्या १,६०० रुग्णांवरील ‘रीगेन’ चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, तेव्हा डिलिरियमचे, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर काही तासांत वा दिवसांत उद्भवणाऱ्या आणि कमीजास्त होणाऱ्या संभ्रमावस्थेचे प्रमाण दोन्ही गटांत २० टक्क्यांच्या आसपासच भरले. या डिलिरियमचा बडबड व ओढाताण करणारा प्रकार वॉर्डभर कळतो. त्याउलट नुसता पडून राहणारा, विचारल्यावर उशिराने एकाक्षरी उत्तर देणारा रुग्ण ‘शांत झोपलेत’ म्हणून सोडून दिला जातो, आणि वृद्धांमध्ये हा दुसरा प्रकारच अधिक निसटतो. तो कसा ओळखतात आणि चष्मा, श्रवणयंत्र लगेच परत का द्यायचे, हे पुढील लेखांकात पाहू.