बी धरण्याचा दिवस

सकाळी ६
सप्टेंबर सरत आलाय. उरवड्यात आमच्या खाचरातली इंद्रायणी निसवली आहे, पानांवर दव आहे. पुढच्या वर्षीचं बी ज्या तुकड्यातून धरायचं, त्यातली भेसळ फुलं उमलायच्या आत काढायची. बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच किंवा कुसळं असलेलं रोप दिसलं की मुळासकट उपटायचं. नुसतं कापलं तर फुटवे पुन्हा निसवतात. शेजारी दुसरा वाण असेल तर मध्ये निदान ३ मीटर अंतर सोडायचं.

सकाळी ८
बांधावर चहा, भाकरी. नववीतली मुलगी शाळेला निघताना विचारते, "पप्पा, उंच रोप चांगलं दिसतंय, ते का टाकता?" संध्याकाळी सांगतो म्हणून तिला पाठवतो.

सकाळी १०
ऊन तापलं की भाताची फुलं उघडतात. प्रत्येक फुलात ६ पुंकेसर आणि पिसासारखी दोन टोकं असलेला स्त्रीकेसर. पराग आधी स्वतःच्याच फुलात पडतो, काही मिनिटांत निकामी होतो आणि तासाभरात फूल मिटतं. परपरागण क्वचितच होतं, म्हणून घरी धरलेलं बी वर्षानुवर्षं तसंच निघतं.

संकर करणाऱ्याला मात्र फुलाची ही सवय मोडावी लागते. आदल्या संध्याकाळी न उमललेल्या फुलाचं टोक कापून सहाही पुंकेसर काढायचे, लोंबीला कागदी पिशवी घालायची आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग झटकायचा. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढली. १९८७ साली ती शेतकऱ्यांच्या हाती आली. आंबेमोहराला वास होता, पण तो उंच वाढून लोळायचा. फिलिपाइन्सहून १९६६ साली आलेला आयआर ८ बुटका आणि भरघोस, पण बिनवासाचा.

दुपारी १
जेवण, थोडी पाठ टेकायची, मग जनावरांचं वैरणपाणी.

संध्याकाळी ६
मुलगी वही घेऊन बसते. वास आणि बुटकेपणा, दोन्ही गुण अप्रभावी. एका पालकाकडून वासाचा जनुक आला आणि दुसऱ्याकडून बिनवासाचा, तर वास दबतो. त्यामुळे पहिल्या पिढीतली सगळी रोपं उंच आणि बिनवासाची. त्यांचंच बी पेरलं की दुसऱ्या पिढीत वासाची रोपं चौथा हिस्सा, बुटकीही चौथा हिस्सा. हे दोन जनुक वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे दोन्ही गुण एकत्र येतात ते सोळांत एका रोपात. मेंडेलने वाटाण्याच्या दोन गुणांचा असाच हिशेब घातला होता: ५५६ दाण्यांत सुरकुतलेले आणि हिरवे फक्त ३२.

पण ते एक रोप सापडलं की त्या दोन गुणांपुरतं काम फत्ते. दबणारा गुण दिसतोय म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती त्याच्याच. पुढे तो फुटत नाही. उत्पन्न, दाण्याचा आकार असे बाकीचे गुण पक्के व्हायला अनेक पिढ्या लागतात, कारण दर पिढीत मिश्रपणा निम्म्यानेच घटतो.

"मग सकाळचं ते रोप?" कुठून परका पराग पडला असेल, तर ते संकराची पहिली पिढी: वरून जोमदार आणि आत सगळी सरमिसळ. त्याचं बी बियाण्यात गेलं तर पुढच्या वर्षी खाचरात नाना तऱ्हा उगवतील.

रात्री ८
कोणत्या लोंब्या राखायच्या ते आईशी बोलून ठरतं. शेतकऱ्यांना सांगायचं ते एवढंच: बियाणं घेताना पिशवीवर 'सुधारित' आहे की 'संकरित' ते आधी वाचा. इंद्रायणीसारखा सुधारित वाण असेल तर भेसळ काढून बी घरी धरा आणि दर तीनेक वर्षांनी प्रमाणित बियाणं नव्याने आणा. कर्जतच्या 'सह्याद्री'सारखं संकरित भात असेल तर त्याचं बी ठेवू नका. ते दुसऱ्या वर्षी फुटणारच.