फळ्यावरचा १६ डिसेंबर

तिगावच्या शाळेत असताना रोज सकाळी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात दिनविशेष लिहायचं काम पाळीपाळीनं येई. १६ डिसेंबरला काय लिहायचं हे कुणाला विचारावं लागत नसे. ‘विजय दिवस, १९७१, ढाका.’ खडू खाली ठेवला की झालं. त्याच तारखेला आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर, नागपुरात, एक मोठी लढाई झाली होती आणि त्या लढाईनं आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखाचंही भवितव्य ठरवलं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून हा दिवस आला की ओळखीतल्या मुलांशी बोलतो. बोलताना तेच तेच गैरसमज समोर येतात, म्हणून ते एकदा नीट मांडावेत असं वाटलं.

गैरसमज : नागपूर सीताबर्डीच्या लढाईत एका दिवसात गेलं.

आमच्याकडून रेल्वेनं नागपूरला उतरलं की बाहेर टेकडी गणपती आणि त्याच्या मागे सीताबर्डीचा किल्ला. त्यामुळे ‘सीताबर्डी’ हा शब्द सगळ्यांना पाठ, आणि गोष्टही तिथेच संपते असं सगळे धरून चालतात. वस्तुस्थिती अशी की २६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई पेटली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सच्या बाजूला जेमतेम तेराशे-चौदाशे माणसं होती. भोसल्यांची फौज त्यांच्या कितीतरी पट, आणि तिच्यातले अरब सर्वांत कडवे. २७च्या सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतलीसुद्धा. पण घोडदळाच्या हल्ल्यानं आणि नंतरच्या चढाईनं ती पुन्हा इंग्रजांकडे गेली. इंग्रजांचे साडेतीनशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. इतकं होऊनही नागपूर शहर भोसल्यांकडेच होतं.

पुढचे दोन आठवडे इंग्रज कुमक येण्याची वाट पाहत राहिले. १२ डिसेंबरला जनरल डोव्हटन मोठी फौज घेऊन पोचला आणि त्यानं नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसल्यांना अटी कळवल्या : स्वतः रेसिडेन्सीत या, तोफा आमच्या हवाली करा, अरबांना शहराबाहेर काढा. १६ डिसेंबरला, मंगळवारी सकाळी, अप्पासाहेब रेसिडेन्सीत आले. राजा गेला म्हणजे सगळं मिटलं असं कुणालाही वाटेल. पण दुपारी डोव्हटनची फौज तोफा ताब्यात घ्यायला सक्करदऱ्याच्या बाजूनं पुढे सरकली, तेव्हा भोसल्यांच्या सैन्यानं तिच्यावर तोफा डागल्या. धनी शत्रूच्या घरात, आणि शिपाई मैदानात उभे राहून लढताहेत! या प्रसंगावर मी नेहमी थांबतो. त्या लोकांना पळून जाता आलं असतं. इंग्रजांचे सुमारे १४० मेले किंवा जखमी झाले आणि पंचाहत्तरेक तोफा त्यांच्या हाती लागल्या.

आणि तरीही नागपूर पडलं नाही. अरब आत शहरात तटबंदीमागे ठाण मांडून बसले. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावर, म्हणजे आजच्या महालातल्या गांधी गेटवर, इंग्रजांनी चढाई केली आणि ती फसली. शेवटी वाटाघाटी झाल्या. ३० डिसेंबरला अरब हत्यारांसह, पैसे घेऊन, मानानं शहराबाहेर पडले. महालात खरेदीला गेलेला आमच्याकडचा माणूस त्या दरवाज्याखालून कित्येकदा गेलेला असतो.

याला जोडूनच दुसरी समजूत : भोसल्यांचं राज्य तेव्हाच संपलं. तसं झालं नाही. अप्पासाहेब पकडले गेले, १८१८च्या मे महिन्यात कैदेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. नर्मदेकडचा मुलूख, त्यात बैतूल-मुलताईही, इंग्रजांनी घेतला. पांढुर्णा-सौंसरचा भाग भोसल्यांकडेच राहिला. म्हणजे तिगावाहून घाट चढून चिचोंड्याकडे निघालं की काही कोसांवर दुसऱ्याचं राज्य लागत होतं. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी गेले, आणि त्यानंतर गव्हर्नर जनरल डलहौसीनं नागपूर खालसा केलं, तेव्हा कुठे इकडची सत्ताही बदलली.

गैरसमज : १६ डिसेंबर १९७१ला युद्ध थांबलं, आणि ९३,००० पाकिस्तानी सैनिक शरण आले.

ढाक्यात रमणा रेसकोर्सवर दुपारी साडेचारच्या सुमारास जनरल नियाझींनी जनरल अरोरांसमोर सही केली, हे खरं. पण ती शरणागती पूर्वेकडच्या फौजेची होती. पश्चिमेला शस्त्रसंधी १७ डिसेंबरला रात्री आठपासून लागू झाला. मधल्या वेळेत तिकडे माणसं मरत होती. शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे १६ डिसेंबरलाच सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा रणगाडा पेटला. मागे फिरायला सांगितलं असतानाही ते लढत राहिले आणि एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले. त्यांचा जन्म पुण्याचा आणि रेजिमेंटचं नाव पूना हॉर्स. त्याच दिवशी पश्चिम आघाडीवर ते गेले, हे आमच्या फळ्यावर कधी आलं नाही. यायला हवं होतं.

आकड्याबद्दल : ९३ हजार हे एकूण युद्धकैदी. त्यांत नियमित सैन्याबरोबर निमलष्करी दलं, पोलीस आणि कुटुंबांसह नागरिकही होते. ‘९३ हजार फौज’ असं लिहिल्यानं विजय मोठा होत नाही. तो तसाही मोठाच होता.

गैरसमज : इतक्या लढाया एकाच तारखेला म्हणजे काहीतरी संकेत आहे.

१६ डिसेंबर १९४४लाही जर्मनांनी आर्डेनच्या जंगलात अमेरिकनांवर शेवटचा मोठा हल्ला चढवला. नागपूर, आर्डेन, ढाका : एक तारीख, तीन रणं. हे सांगितलं की मुलांच्या डोळ्यांत चमक येते, आणि मग कुणीतरी विचारतं, या तारखेत काही आहे का?

आधी हिशेब. वर्गात फक्त २३ मुलं असली तरी त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त असते, कारण २३ जणांच्या २५३ जोड्या होतात. इतिहासात तर लढाया हजारो. तारखा जुळणारच.

पण माझ्या मते आपल्याकडच्या तारखांना याहून पक्कं कारण आहे, आणि ते आमच्या शिवारात उभं राहून दिसतं. आषाढ-श्रावणात काळ्या रानात बंडी निघाली की चाकं आसापर्यंत रुततात आणि बैल गुडघ्यांवर येतात. त्या चिखलात तोफेचा गाडा कोण ओढणार? नद्या उतरण्याजोग्या नसतात, घोड्यांना कोरडा चारा नाही. म्हणून फौजा पावसाळाभर छावणीत असत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. जमीन वाळलेली, ज्वारी-कडबा आलेला, नदीला उतार. आता यादी पाहा. अडगाव २९ नोव्हेंबर १८०३, गाविलगड त्याच वर्षी १५ डिसेंबर, खडकी ५ नोव्हेंबर १८१७, सीताबर्डी २६ नोव्हेंबर, महिदपूर २१ डिसेंबर. लढाया वर्षभर विखुरलेल्या नाहीत, त्या दोन-तीन महिन्यांत दाटलेल्या आहेत. मग तारखांची टक्कर व्हायला वेळ किती लागणार?

१९७१लाही हेच. एप्रिलमध्ये लगेच चढाई करायला लष्करानं नकार दिला त्यामागे इतर कारणांबरोबर पावसाळा होता : बंगालच्या नद्या समुद्रासारख्या फुगतात. आणि हिवाळ्यात हिमालयाच्या खिंडी बर्फानं बंद झाल्या की चीनकडून धोका कमी. आर्डेनमध्ये जर्मनांना डिसेंबर हवा होता तो धुक्यासाठी, कारण ढगाळ हवेत शत्रूची विमानं उडत नव्हती.

या नियमाला आमच्या घाटावरचाच एक अपवाद आहे. जुलै १८१८ मध्ये, भर पावसात, कॅप्टन स्पार्क्सची तुकडी बैतूलच्या मुलखात अप्पासाहेबांच्या अरबांनी आणि गोंडांनी कापून काढली. डोंगरातल्या लढवय्याला पाऊस अडवत नाही. तो त्याच्या बाजूनं लढतो.

गैरसमज : पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं.

हा सर्वांत घट्ट बसलेला. १४ जानेवारी १७६१ ही तारीख बरोबर आहे. तिथी होती पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. पण संक्रांत १४ जानेवारीला येते ती अलीकडे. ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३चा, मकर संक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख १२ जानेवारी. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं की संक्रांत आणखी आधी येते. म्हणजे पानिपतच्या रणात उपाशी उभ्या असलेल्या मराठ्यांची संक्रांत तीन-चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती.

इथे आमच्या भागातल्या माणसाला तिथी-तारखेचा फरक वेगळा समजवावा लागत नाही. जाम नदीतली गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मग ती तारीख ऑगस्टात येवो की सप्टेंबरात. प्रतापगडाचंही तसंच. अफझलखानाचा वध मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीचा. १० नोव्हेंबर १६५९ ही त्याची तारीख जुन्या ज्युलियन पंचांगातली आहे, आजच्या पंचांगानं ती २० नोव्हेंबर होते. इंग्रजांनी स्वतः नवं पंचांग १७५२मध्ये घेतलं. त्यामुळे त्याआधीच्या त्यांच्या कागदांतली तारीख उचलून तशीच आजच्या दिनविशेषात बसवली की दहा-अकरा दिवसांची चूक होते.

पूना हॉर्सबद्दल एक राहिलं. हे घोडदळ उभं राहिलं १८१७मध्ये, पेशव्यांवर लादलेल्या तहातून, म्हणजे नागपुरात भोसल्यांच्या तोफा गेल्या त्याच वर्षी. दीडशे वर्षांनी घोड्यांच्या जागी रणगाडे आले होते. बसंतरच्या काठी खेत्रपालांच्या रणगाड्याचं नाव होतं ‘फामागुस्ता’.