सहा महिन्यांनंतरचा घास : बालपोषणातील कच्चा दुवा

गर्भारपणाचे सुमारे 270 दिवस आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांचे 730 दिवस, असे एक हजार दिवस बालकाच्या शारीरिक व बौद्धिक वाढीच्या दृष्टीने निर्णायक मानले जातात. या काळात खुंटलेली उंची पुढे सकस आहार मिळाला तरी पूर्णपणे भरून निघणे कठीण असते. महाराष्ट्रातील आकडेवारी पाहता, या हजार दिवसांतील एका विशिष्ट टप्प्यावर बालकांच्या पोषणाची साखळी तुटत असल्याचे दिसून येते. हा टप्पा म्हणजे सहा महिने पूर्ण होऊन बालकाच्या मुखात पहिला घास पडण्याचा काळ.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात सुमारे 95 टक्के प्रसूती रुग्णालयात झाल्या. सहा महिन्यांखालील 71 टक्के बालकांना केवळ मातेचे दूध मिळत होते. चौथ्या पाहणीत (2015-16) हे प्रमाण 57 टक्क्यांच्या आसपास होते. मात्र, 6 ते 23 महिने वयोगटात पुरेसा आहार मिळणाऱ्या बालकांचे प्रमाण केवळ 9 टक्क्यांच्या घरात होते. देशाची सरासरीही 11.3 टक्के एवढीच होती. याच दोन पाहण्यांदरम्यान राज्यातील पाच वर्षांखालील खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंचीच्या, बालकांचे प्रमाण 34.4 टक्क्यांवरून 35.2 टक्क्यांवर गेले.

स्तनपानात झालेली प्रगती बालकांच्या उंचीत का उमटली नाही, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. मातेचे आरोग्य, जन्मवेळचे वजन, स्वच्छता आणि वारंवार होणारे आजार ही त्यामागील कारणे आहेतच. तथापि, घास कधी, किती, कसा आणि कोणी भरवायचा, याचा वाटाही त्यात मोठा आहे.

पहिला तास आणि पहिले सहा महिने

जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान सुरू करावे आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत मातेच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मातेच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. त्यामुळे विदर्भाच्या उन्हाळ्यातही अर्भकाला वेगळे पाणी पाजण्याची आवश्यकता नसते. प्रसूतीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस येणारे पिवळसर, घट्ट दूध, म्हणजेच चीक, रोगप्रतिकारक घटकांनी समृद्ध असतो. तो पिळून टाकण्याची आणि त्याऐवजी मध, साखरपाणी किंवा गुटी चाटवण्याची प्रथा अनेक घरांत होती व काही ठिकाणी ती अद्याप टिकून आहे. एक वर्षाखालील बालकाला मध देणे धोक्याचे असते. त्यात क्वचित आढळणाऱ्या जिवाणूंमुळे गंभीर विषबाधा होऊ शकते.

स्तनपानाचे प्रमाण जगभरात इष्ट पातळीवर पोहोचल्यास दरवर्षी सुमारे 8 लाख 20 हजार बालमृत्यू टळू शकतील, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2016 मध्ये प्रसिद्ध केला होता. ज्या अर्भकांना मातेचे दूध मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने देशातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दात्या मातांकडून मिळालेले दूध तपासून व निर्जंतुक करून ते प्रामुख्याने अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या अर्भकांना दिले जाते.

सहाव्या महिन्यानंतर काय बदलते?

सहा महिने पूर्ण झाल्यावर मातेचे दूध कमी प्रतीचे होते, हा समज चुकीचा आहे. बदलते ती बालकाची गरज. 6 ते 8 महिन्यांच्या बालकाला मातेच्या दुधाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे 200 उष्मांक लागतात. 9 ते 11 महिन्यांत ही गरज सुमारे 300 आणि दुसऱ्या वर्षी सुमारे 550 उष्मांकांपर्यंत वाढते. जन्मतः शरीरात असलेला लोहाचा साठाही याच सुमारास संपत येतो आणि मातेच्या दुधातील लोह वाढत्या शरीराला अपुरे पडते. महाराष्ट्रात 6 ते 59 महिने वयोगटातील जवळजवळ 69 टक्के बालके रक्तक्षयग्रस्त असल्याचे पाचव्या पाहणीत आढळले होते.

या वाढत्या गरजेच्या तुलनेत बालकाचे जठर मात्र लहान असते. प्रत्येक किलो वजनामागे सुमारे 30 मिलिलिटर, या हिशेबाने सात-आठ किलो वजनाच्या बालकाच्या पोटात एका वेळी जेमतेम एक वाटी अन्न मावते. ही वाटी कशाने भरली जाते, यावर त्याचे पोषण अवलंबून असते.

वरणाचे पाणी आणि घट्ट घास

महाराष्ट्रात बालकाच्या आहाराची सुरुवात बहुधा वरणाच्या पाण्याने किंवा भाताच्या पेजेने होते. हे पदार्थ पचायला हलके असतात, म्हणून ते अधिक काळ चालू ठेवले जातात. परंतु डाळीवरचे निवळ पाणी वाटीभर दिले तरी त्यातून मिळणारे उष्मांक व प्रथिने अत्यल्प असतात. बालकाचे पोट भरते, ते रडायचे थांबते आणि घरच्यांना समाधान वाटते. शरीर मात्र उपाशी राहते.

त्यामुळे अन्न चमच्यावरून सहज ओघळणार नाही इतके घट्ट असावे, असा सल्ला दिला जातो. गुरगुट्या भात व शिजवून घोटलेली डाळ, मुगाची मऊ खिचडी, कुस्करलेले केळे, उकडून मऊ केलेला बटाटा किंवा लाल भोपळा हे घरात सहज होणारे पदार्थ त्यासाठी योग्य ठरतात. त्यात चमचाभर तूप किंवा तेल घातल्यास आकारमान न वाढता उष्मांक वाढतात. मोड आणून, वाळवून व दळून केलेल्या नाचणीच्या सत्त्वामागेही शास्त्र आहे. मोड येताना धान्यातील पिष्टाचे विघटन करणारी द्रव्ये सक्रिय होतात. त्यामुळे अधिक पीठ घालूनही खीर मऊ राहते आणि ती पाणी घालून पातळ करावी लागत नाही.

सहा ते आठ महिन्यांच्या बालकाला दिवसातून दोन-तीन वेळा, तर त्यानंतर तीन-चार वेळा अन्न द्यावे, असे शिफारशी सांगतात. प्रारंभी प्रत्येक वेळी दोन-तीन चमचे, हळूहळू अर्धी वाटी आणि दुसऱ्या वर्षी पाऊण ते एक वाटी असे प्रमाण वाढवावे. स्तनपान दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे. दुसऱ्या वर्षीही सुमारे एक तृतीयांश उष्मांक मातेच्या दुधातून मिळू शकतात.

प्रमाणाइतकेच वैविध्यही महत्त्वाचे आहे. धान्य, डाळी, दुग्धजन्य पदार्थ, अंडी, मांस-मासे, पिवळी-नारिंगी फळे व हिरव्या भाज्या आणि इतर फळे-भाज्या अशा सात गटांपैकी किमान चार गट रोजच्या आहारात असावेत, हा निकष राष्ट्रीय पाहणीत स्तनपान करणाऱ्या बालकांसाठी वापरला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मांस, मासे किंवा अंडी रोज देण्याची, तसेच साखर व मीठ जास्त असलेले पदार्थ टाळण्याची शिफारस केली आहे. चहात बुडवलेले बिस्किट या दोन्ही कसोट्यांवर उतरत नाही. बिस्किटातून साखर मिळते, तर चहामुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते.

महाराष्ट्राचा अनुभव

बालमृत्यू व कुपोषणाच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने 2005 मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनची स्थापना केली. व्ही. रमणी हे त्याचे पहिले प्रमुख होते. आदिवासी जिल्ह्यांपासून सुरुवात करून नंतर राज्यभर विस्तारलेल्या या मिशनने अंगणवाडी सेविका व आरोग्य कर्मचारी यांच्या कामात समन्वय साधण्यावर आणि दोन वर्षांखालील बालकांकडे लक्ष वेधण्यावर भर दिला.

2005-06 मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील सुमारे 39 टक्के बालके खुजी होती. 2012 मध्ये झालेल्या राज्याच्या सर्वंकष पोषण पाहणीत हे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांवर आल्याचे आढळले. या घटीची दखल देशाबाहेरही घेतली गेली. मात्र, त्याच पाहणीच्या आकडेवारीचे पुढे विश्लेषण झाले, तेव्हा पूरक आहाराची बाजू दुबळी असल्याचे स्पष्ट झाले. ज्या बालकांच्या आहारात अंडी, दुग्धजन्य पदार्थ, फळे वा भाज्या यांचा पूर्ण अभाव होता, त्यांच्यात खुजेपणाची शक्यता लक्षणीय प्रमाणात अधिक होती.

आदिवासी भागांत 2015 पासून भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देण्यास सुरुवात झाली. 2016 मध्ये बालकांसाठी अंडी, अथवा शाकाहारी बालकांसाठी केळी, देण्याचा टप्पा जोडण्यात आला. अंगणवाडीमार्फत सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी दिवसाला 500 उष्मांकांचा शिधा घरी नेण्यासाठी देण्याचा निकष आहे. परंतु घरी नेलेला शिधा अनेकदा साऱ्या कुटुंबात वाटला जातो आणि ज्याच्या नावे तो आला, त्याच्या वाट्याला थोडाच उरतो.

घास भरवण्यासाठी लागणारा वेळ

अन्न उपलब्ध असले, तरी ते भरवण्यासाठी माणूस आणि वेळ लागतो. वर्षभराचे मूल स्वतःच्या हाताने पुरेसे जेवू शकत नाही. त्याच्याशी बोलत, त्याच्या कलाने, बळजबरी न करता भरवावे लागते. एका जेवणाला अर्धा तास लागू शकतो आणि अशी जेवणे दिवसातून चार-पाच वेळा असतात. ऊसतोडीला गेलेल्या किंवा बांधकामावर विटा वाहणाऱ्या मातेकडे हा वेळ नसतो. तिचे तान्हे बहुधा पाच-सात वर्षांच्या भावंडाच्या स्वाधीन असते.

हा प्रश्न महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही. मुंबई-पुण्याप्रमाणेच दिल्लीलगतच्या नोएडातही उंच इमारतींच्या बांधकामांवर स्थलांतरित कुटुंबे लहान मुलांसह राबत असतात. बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर चालवण्याची कल्पना मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत प्रत्यक्षात आणली. त्यातून उभ्या राहिलेल्या 'मोबाइल क्रेशेस' या संस्थेचे काम पुढे राजधानी परिसरात आणि मुंबईतही पसरले. मातेला कामाच्या मध्ये येऊन स्तनपान करता येणे व बालकाला वेळेवर ताजे अन्न मिळणे, हे अशा पाळणाघरांचे मुख्य लाभ आहेत. 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. तथापि, असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य स्त्रिया या लाभाबाहेर राहिल्या. शिवाय 26 आठवडे म्हणजे सहा महिने. रजा संपते, नेमके तेव्हाच घास भरवण्याचे काम सुरू होते.

सधन घरांतील चित्रही फारसे समाधानकारक नाही. तेथे बाजारातील डबाबंद आहार व गोड पदार्थ घरच्या अन्नाची जागा घेतात. 1992 च्या कायद्याने आणि त्यातील 2003 च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालील बालकांसाठीच्या दुधाच्या पर्यायांची व आहाराची जाहिरात करण्यास आणि मोफत नमुने वाटण्यास मनाई केली आहे. असे असूनही, डब्यातील अन्न घरच्या अन्नापेक्षा श्रेष्ठ असते, हा समज दूर झालेला नाही.

मराठी घरांत बाळाच्या पहिल्या घासाचा सोहळा उष्टावण म्हणून साजरा केला जातो. योग्य वेळी अन्न सुरू करण्याची जाण परंपरेत आहे, हे यावरून दिसते. मात्र, उष्टावणाच्या दिवशी भरवलेला घास दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतरची दीड वर्षे रोज, पुरेसा, घट्ट आणि वैविध्यपूर्ण मिळतो किंवा नाही, यावरच बालकाची वाढ अवलंबून असते. ही जबाबदारी एकट्या मातेवर टाकून चालणार नाही. घरातील पिता, आजी-आजोबा, अंगणवाडी सेविका आणि मातेला काम देणारा मालक, या सर्वांचा त्यात वाटा आहे.