पाय कुणाचा, घोर कुणाला!

परक्याच्या गुडघ्यापायी माझी झोप उडेल, असे मला कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पण दोनएक वर्षांपूर्वी आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेत, मिशिगन राज्यात गेलो आणि तेही घडले!

आमचा नातू निखिल तिथल्या एका विद्यापीठात शिकतो. तिकडे कॉलेजचा फुटबॉल म्हणजे दर शनिवारची जत्राच. त्याच राज्यातल्या अॅन आर्बरच्या मैदानात १ लाख ७ हजारांहून अधिक माणसे बसतात, यावरून काय ती कल्पना करा.

दिवाळी तोंडावर आली होती. गुरुवारी रात्री निखिलचा फोन आला.

"आजोबा, घात झाला! आपल्या क्वार्टरबॅकचा गुडघा गेला!"

क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. तोच नाही म्हटल्यावर संपलेच!

"तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या रूममेटनं."

"आणि त्याला?"

"त्याच्या मित्राच्या बहिणीनं. तिच्या ओळखीचं कुणीतरी इस्पितळात असतं."

शुक्रवारी सकाळी त्या गुडघ्याचा घोटा झाला, दुपारी खांदा झाला आणि संध्याकाळी कळले, की त्याला काहीच झालेले नाही! वार्ताहरांनी कोचला विचारले, तर तो "बघू या" एवढेच बोलून निघून गेला.

मला आमचे पुण्यातले दिवस आठवले. चिरंजीव शाळेत असताना कबड्डीत पडले. ते घरी येण्याआधी बातमी आली, "तुमच्या मुलाचं डोकं फुटलं!" सौ. मटकन खालीच बसली. प्रत्यक्षात हनुवटीला दोन टाके पडले होते. पण त्या अर्ध्या तासाचा सल तिच्या मनातून आजही गेलेला नाही. या क्वार्टरबॅकलाही कुठेतरी आई असेलच की!

एका मुलाच्या दुखापतीची एवढी उठाठेव का, याचा उलगडा चिरंजीवांनी केला. १९९२ च्या एका कायद्यामुळे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांना खेळांवरच्या पैजा अधिकृत करता येत नव्हत्या. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मिशिगनमध्ये तर २०२१ च्या जानेवारीपासून घरबसल्या फोनवर पैज लावता येते. मग सूत्रधार खेळणार की नाही, हे दोन तास आधी कळण्यालाही मोल आले! विद्यार्थी खेळाडूंच्या खोलीतले सोबतीसुद्धा अशा चौकशीतून सुटत नाहीत.

धंदेवाईक संघांना दुखापतींची यादी दर आठवड्याला द्यावी लागते आणि गुडघा की खांदा, तेही सांगावे लागते. कॉलेजच्या फुटबॉलला मात्र साऱ्या देशाचा असा एक नियम नव्हता. मिशिगनमधली दोन मोठी विद्यापीठे 'बिग टेन' या संघटनेत आहेत. तिने २०२३ पासून सामन्याच्या निदान दोन तास आधी यादी देणे सक्तीचे केले. दक्षिणेकडच्या 'एसईसी'ने २०२४ पासून आपसातल्या सामन्यांसाठी तीन दिवस आधीपासून यादी सुरू केली. ती चुकविणाऱ्याला २५ हजारांपासून १ लाख डॉलरपर्यंत दंड! पण या याद्यांत कोण खेळणार नाही आणि कोणाचे नक्की नाही, एवढेच असते. काय दुखते, ते नसते.

तेव्हा मी निखिलला आजोबांचा मंत्र दिला. "बातमी आली की तीन प्रश्न विचारायचे. सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलंय का? तो स्वतःच्या नावानं सांगतोय का? आणि सांगून त्याला काय मिळतं?" सरावाला जाऊन डोळ्यांनी पाहणारा, उद्या चूक झाली तर नावानिशी कबूल करणारा स्थानिक पत्राचा वार्ताहर या कसोटीला उतरतो. शेवटी अधिकृत यादी आहेच. बाकी सारी चावडी!

शनिवारी सामना दुपारी बाराचा. सौ.ने चकल्यांचा घाणा घातला होता. बरोबर दहाला निखिलच्या फोनवर यादी आली. क्वार्टरबॅकचे नाव तीत नव्हतेच! आम्ही टाळ्या पिटल्या. निखिल मात्र गप्प झाला.

"खेळणार नाहीत" या सदरात पाच नावे होती. त्यांतला एकजण संख्याशास्त्राच्या वर्गात निखिलच्या शेजारी बसायचा. राखीव गडी, त्याच्यावर कोण पैज लावणार? तीन दिवस साऱ्या गावाने एका धडधाकट मुलाचा गुडघा, घोटा आणि खांदा मोडला होता. जो खरोखर जायबंदी झाला होता, त्याची मात्र एकानेही विचारपूस केली नव्हती.

"सोमवारपासून तो वर्गात आला नव्हता, आजोबा," निखिल हळूच म्हणाला. "माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."

सामना संपल्यावर सौ.ने चकल्यांचा डबा भरून दिला आणि निखिल त्या मुलाच्या खोलीवर गेला. परतायला त्याला रात्रीचे नऊ वाजले. डबा रिकामा होता.

"काय झालंय रे त्याला?" मी सवयीने विचारून बसलो.

निखिल किंचित हसला. "त्यानं ते मला सांगितलंय, आजोबा."

मी पुढे काही विचारले नाही.