नांदेड-लातूरच्या क्वायरसाठी एक आयरिश चाल: ‘स्लेन’

मराठवाड्यातल्या चर्चमध्ये गाणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, यंदा बसवायला एक चाल सुचवतो. नाव ‘स्लेन’, आयर्लंडमधल्या एका टेकडीवरून पडलेलं. मुळात ती भजनाची नाहीच! पॅट्रिक वेस्टन जॉइस यांनी 1909 च्या लोकगीतसंग्रहात छापलेलं ते प्रेमगीत. या चालीवर गायली जाणारी प्रार्थना मात्र जुन्या आयरिश भाषेतली. मेरी बर्न यांनी 1905 मध्ये तिचं इंग्रजी गद्य भाषांतर केलं, एलिनॉर हल यांनी 1912 मध्ये ते पद्यात आणलं आणि 1919 च्या आयरिश चर्चच्या गीतसंग्रहात शब्द-चाल एकत्र आले.

त्याच 1919 साली आपले रेव्हरंड ना. वा. टिळक गेले. ओवी, अभंग, भजन हे आपल्या मातीतले प्रकार त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. लोकांच्या ओठावरचं गाणं देवापुढे नेण्याची ही ओढ दोन्हीकडे सारखीच, म्हणून मला ही चाल परकी वाटत नाही.

आता गाण्याचं. ठेका तीन मात्रांचा, त्यामुळे तबल्यावर दादरा सहज बसतो. चार ओळींपैकी एकही ओळ पुन्हा येत नाही, म्हणून पाठ करायला वेळ द्या. तिसरी ओळ सर्वांत वर चढते. सूर उंच लावलात तर तिथे आवाज फाटणारच, तेव्हा पट्टी आधी ठरवा. पहिलं कडवं सगळ्यांनी एकाच सुरात म्हणा. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास नंतर वेगळे करा. हार्मोनियमही हळू ठेवा.