आईच्या पोटावरची पिशवी

"बाई, कांगारूच्या पिल्लाला पिशवीत कोण ठेवतं?" परवा चौथीतल्या एका मुलीने विचारलं.

"त्याची आई!" सगळा वर्ग ओरडला.

पण मुलांनो, उत्तर चुकलं. पिल्लू आपलं आपणच पिशवीत जातं!

ऑस्ट्रेलियातल्या तांबड्या कांगारूचं पिल्लू आईच्या पोटात जेमतेम 33 दिवस असतं. जन्मतं तेव्हा अडीच सेंटिमीटर लांब आणि वजन एक ग्रॅमहूनही कमी! डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पुढचे पाय मात्र बळकट. आईची लव धरत धरत ते काही मिनिटांत पिशवी गाठतं. तिथे स्तनाचं टोक तोंडात धरलं, की ते आत फुगतं आणि घट्ट बसतं. मग आईने कितीही उड्या मारल्या तरी बाळ सुटत नाही. पाचेक महिन्यांनी ते बाहेर डोकावतं आणि आठेक महिन्यांनी पिशवी कायमची सोडतं.

तरी दूध प्यायला स्वारी पिशवीत डोकं घालतेच! तोवर आत धाकटं भावंड आलेलं असतं. गंमत पाहा, आई एकाच वेळी धाकट्याला पातळ आणि थोरल्याला दाट दूध देते.

अशा प्राण्यांना 'शिशुधान' प्राणी म्हणतात. वॉम्बॅट हाही त्यांच्यातलाच. तो बिळं उकरतो, म्हणून त्याच्या मादीच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं. नाहीतर बाळावर मातीच पडायची!

ही पिशवी किती भक्कम! रस्त्यावर गाडीची धडक बसून आई मेली, तरी आतलं पिल्लू कित्येकदा जिवंत असतं. म्हणून ऑस्ट्रेलियात सांगतात, 'नुसतं हळहळून पुढे जाऊ नका. आपला जीव सांभाळून थांबा आणि पिशवी बघा.' पिल्लू स्तनाला चिकटलेलं असेल तर ओढायचं नाही, त्याच्या तोंडाला इजा होते. गाईचं दूध द्यायचं नाही, ते त्याला पचत नाही. प्राणी वाचवणाऱ्या कार्यकर्त्यांना लगेच कळवायचं. ते पिल्लाला मऊ कापडी पिशवीत उबेला ठेवतात, खास दूध पाजतात आणि मोठं झालं की रानात सोडतात.

हे ऐकून तीच मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे बाई, आई गेली तर पिशवी माणसांनी शिवायची!"

या वेळी मात्र उत्तर अगदी बरोबर होतं.