चिठ्ठी, कात्री आणि किलोभर डाळ

डॉक्टरकडे जायचा कंटाळा करणारा बाप्या न्हाव्याकडे मात्र न चुकता जातो. एवढं साधं गणित हाताशी धरून लॉस एंजेलिस परिसरातल्या ५२ सलूनमध्ये एक प्रयोग झाला. गिऱ्हाईक होते रक्तदाब वाढलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष. कुठल्या दुकानात काय करायचं, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं नशिबावर सोडलं होतं. काही दुकानांत न्हावीबुवांनी नुसता उपदेश केला, बाकीच्यांत औषधतज्ज्ञच येऊन गोळ्या ठरवून देऊ लागले. सहा महिन्यांत रक्तदाबाचा वरचा आकडा उपदेशवाल्यांचा सरासरी ९ने उतरला, गोळीवाल्यांचा तब्बल २७ने! २०१८चा हा निकाल.

याचं भारदस्त नाव रँडमाइज्ड ट्रायल. नवा उपचार कुणाला द्यायचा हे डॉक्टरने ठरवलं, तर त्याचा हात नकळत धडधाकट रुग्णांकडे वळू शकतो. म्हणून चिठ्ठी. बड्या इस्पितळात, निवडून घेतलेल्या रुग्णांवर असे प्रयोग होतातच. पण खरी गंमत येते ती गल्लीत आणि गावात.

१९५६चं मद्रास घ्या. क्षय म्हटलं की सॅनिटोरियम, हवापालट, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती, हे तेव्हाचं ब्रह्मवाक्य. तिथल्या संशोधकांनी गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण घेतले आणि निम्मे सॅनिटोरियममध्ये, निम्मे घरी, अशी नशिबाने वाटणी केली. औषधं दोघांना तीच. घरी राहिलेल्यांचं जेवण बेताचं, खोली कोंदट, विश्रांतीच्या नावाने शून्य. तरीही वर्षभरात ते जवळपास तितकेच बरे झाले! घरातल्या इतरांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही. काम औषध करत होतं, डोंगरावरची हवा नव्हे. सॅनिटोरियमच्या भरवशावर रंगलेल्या कित्येक कादंबऱ्यांची पंचाईतच की हो.

आता डाळ. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ गावांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ संस्थेसोबत बाळांच्या लसीकरणाचा प्रयोग केला. इथे चिठ्ठी माणसांच्या नव्हे, गावांच्या नावाने. काही गावांत नेहमीचंच चालू राहिलं. तिथे पूर्ण लसीकरण झालेली बाळं होती ६ टक्के. काही गावांत दर महिन्याला न चुकता शिबिर भरवलं, तिथे १८ टक्के. उरलेल्या गावांत शिबिर तर होतंच, शिवाय प्रत्येक लशीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लशी पुऱ्या झाल्या की ताटांचा संच. तिथे ३९ टक्के! ‘ही लाच झाली’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना पुढचा हिशेब ऐकवावा: डाळ वाटूनही दर बाळामागचा खर्च नुसत्या शिबिराच्या निम्म्यावर आला. नर्सचा पगार तेवढाच, बाळं दुपटीहून जास्त.

रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यावी की रात्री? ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांनी आपापल्या घरी राहूनच, चिठ्ठीने ठरलेल्या वेळी गोळी घेत, हा प्रश्न तडीस नेला. २०२२मध्ये निकाल लागला: हार्ट अटॅक, पक्षाघात यांत काहीही फरक नाही. आमच्या घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. निकाल आपल्याच बाजूने लागला, असं दोघेही सांगतात.

गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या चमूने नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक नेमले. १२ सरकारी केंद्रं, १२ खासगी दवाखाने, आणि पुन्हा चिठ्ठी. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले रुग्ण समुपदेशक असतील तिथे ६६ टक्के, नसतील तिथे ४२ टक्के. खासगीत मात्र फरकच दिसेना, कारण तिथे नेहमीच्या उपचारानेही रुग्ण जवळपास तितकेच बरे होत होते. माझा आपला अंदाज, नाडी बघता बघता ‘मुलीचं जमलं का?’ विचारणारे डॉक्टर फुकटात समुपदेशनच करत असावेत.

आणि ही शेवटची गोष्ट, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या २०१८च्या नाताळातली. २३ जणांनी विमानातून उड्या मारल्या. चिठ्ठीप्रमाणे काहींच्या पाठीवर पॅराशूट, काहींच्या पाठीवर रिकामी सॅक. दोन्ही गटांत कुणी दगावलं नाही, कुणाला मोठी इजाही झाली नाही. म्हणजे पॅराशूट निरुपयोगी? विमान जमिनीवर उभं होतं. उडीची सरासरी उंची, दोन फूट.